तीन सामन्यांचा गुन्हेगार

आमचा हुतूतूचा संघ ज्या हिवाळ्यात शेवटचे तीन सामने ओळीने हरला, त्या हिवाळ्यात मी एक पत्रक काढले. माझ्या लिखाणात सर्वांत जास्त वाचले गेलेले तेच. पुढे मी पुष्कळ लिहिले, काही छापूनही आले. पण न्हाव्याच्या दुकानात गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच ठेवून आणि पिठाच्या चक्कीचा पट्टा उतरवून मोठ्याने वाचले गेले ते एवढेच. लोणावळ्यापासून कान्ह्यापर्यंत ते पोचले. वयाच्या बाविसाव्या वर्षी याहून अधिक काय हवे? ज्याच्यावर ते लिहिले होते त्या माणसाला मात्र अक्षर वाचता येत नव्हते.

मी पत्रकांवर वाढलो. माझा मामा पुण्याला एका छापखान्यात कागद घड्या घालायच्या कामावर होता. शाई फुटलेले, उलटे छापलेले, कोपरा फाटलेले कागद तो गाठोडे बांधून आमच्याकडे आणी. आई ते फळ्यांवर अंथरी. त्यामुळे आमच्या घरात लोणच्याच्या बरणीखाली बालविवाहाचा निषेध होता, भाकरीच्या टोपलीत दारूबंदी होती आणि देवघरात, आईच्या नकळत, मूर्तिपूजेवर सडकून टीका होती. मी अक्षरे शिकलो ती या कागदांवर. 'कमळ', 'बदक' यांच्या आधी मला 'बंधूंनो' वाचता आले. आत्याला पहिले पत्र लिहिले तेव्हा तिची खुशाली विचारून झाल्यावर मी खाली लिहिले होते, 'आत्या, अजून किती दिवस झोपणार?' ती बिचारी आठ दिवस विचार करत होती की याला कुणी काय सांगितले माझ्याबद्दल.

मॅट्रिक झाल्यावर लोणावळ्याच्या एका शाळेत मला बदली मास्तर म्हणून काम मिळाले, आणि त्याच सुमारास हुतूतू संघाचा चिटणीस झालो. मी स्वतः खेळत नसे. माझा दम कसा आहे, हे एकदा पाहिल्यावर कुणी खेळायचा आग्रहही केला नाही. पण लिहिता-वाचता येणारा, रविवारी रिकामा आणि बोलायला न भिणारा असा दुसरा कोणी नव्हता. संघाचा कप्तान बाजारात पत्र्याच्या पेट्या करीत असे. मुसलमान, शांत, ठोकणीच्या कामामुळे कानाने जरा कमी, म्हणून मी केलेली भाषणे त्याला कधी टोचली नाहीत. संघाच्या सभा चक्कीवाल्या आबांच्या ओट्यावर भरत. आणि संघाची खरी ताकद होती ती रेल्वेतल्या एका गँगमनमध्ये. हा मळवलीच्या बाजूचा शेतकरी गडी, रुळांच्या देखभालीच्या टोळीत कामाला. सगळे त्याला भाऊ म्हणत. हात गुडघ्यापर्यंत आणि दम असा की तो चढाईला गेला म्हणजे लोक विडी पेटवून निवांत बसत. विडी संपायच्या आत तो परत येत नाही हे ठरलेले.

सामने मावळातल्या गावागावांत व्हायचे, भातकाढणी उरकल्यावर, दर रविवारी एका गावी. त्या काळी मैदानाला मधली रेघ तेवढी असे. बाकी हद्द म्हणजे माणसे. जिथे बघणारे बसले तिथे मैदान संपले. आता बघणारे म्हणजे काही दगड नव्हेत. आपला गडी कडेला आला की ते पाय आखडून घेत, मागे सरकत, आणि मैदान हातभर वाढे. दुसऱ्या गावचा गडी आला की तेच लोक मांड्या पसरून बसत. एका गावी तर एक म्हातारा आमच्या माणसाच्या वाटेत मुद्दाम पाण्याची घागर ठेवून बसला होता.

हे मला सहन होईना. हा सरळ अन्याय होता, आणि अन्याय दिसला की माझ्या हातून लिखाण होई. मामाने पुण्याहून हुतूतूच्या नियमांची छापील पुस्तिका पाठवली होती. छापलेली! त्यात मैदानाची लांबी-रुंदी फुटांत दिली होती आणि चारही बाजूंना चुन्याची रेघ हवी, पाय बाहेर पडला तर गडी बाद, असे स्वच्छ लिहिले होते. मी सगळ्या गावांच्या कप्तानांना बोलावून दीड तास बोललो. शेवटी कान्ह्याचा कप्तान म्हणाला, "मास्तर, घाला तुमची रेघ, पर आता सोडा. म्हशींच्या धारा काढायच्या ऱ्हायल्यात." ठराव एकमताने पास झाला.

तोपर्यंत आमचे सात सामने झाले होते आणि सातही आम्ही जिंकलो होतो. उरलेल्या तिनांतला एक जिंकला की ढाल आमची. आबांनी चक्कीच्या भिंतीवर ढालीसाठी खिळाही ठोकून ठेवला होता.

सगळ्या गावांची मैदाने आखायचे काम मी माझ्याकडे घेतले. दुसऱ्या कुणावर विश्वास ठेवणे मला तत्त्वाला धरून वाटेना. बाजारातून तागाची नवी कोरी दोरी आणली, शाळेची फूटपट्टी आणली, आणि रविवारची अख्खी सकाळ खर्चून दोरीवर फुटाफुटाला गाठ मारली. एकेक गाठ दोनदा मोजली. मग मला वाटले, ही दोरी म्हणजे मावळातल्या न्यायाचे पहिले साधन; ती अशी पांढरीफटक बरी दिसत नाही. म्हणून ती कावेच्या पाण्यात रात्रभर भिजत घातली आणि दुसऱ्या दिवशी उन्हात वाळवली. तांबडी लाल दोरी खांद्यावर टाकून, हातात चुन्याची बादली घेऊन मी कुसगावच्या रस्त्याने निघालो, तेव्हा माझ्या चालण्याकडे लोक पाहत होते असे मला वाटले. कदाचित चुना सांडत असेल.

कुसगावचा सामना आम्ही हरलो. भाऊ तीनदा कडेच्या रेघेबाहेर पाय पडून बाद झाला. खेळ संपल्यावर तो माझ्याजवळ आला आणि रेघेकडे बघत म्हणाला, "मास्तर, मैदान ल्हान वाटतंय."

मी म्हणालो, "भाऊ, मैदान लहान नाही. आजवर लोक तुमच्यासाठी सरकत होते. ती सवय मोडायला हवी. नियम सगळ्यांना सारखा."

"त्ये खरं हाय," तो म्हणाला आणि गेला.

पुढच्या रविवारी आमच्याच मैदानावर आंबीचा संघ आला. ही पोरे तोवर कुणाविरुद्धच जिंकली नव्हती. तीही आम्हाला हरवून गेली. भाऊ दोनदा बाहेर. आता बाजारात कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणे कप्तानाला शिट्टी ऐकू येत नाही, कुणी म्हणे आबांनी आधीच खिळा ठोकला तो नडला. संघातली पोरे एकमेकांशी बोलेनाशी झाली.

तिसरा सामना कान्ह्याला. कान्हे ही भाऊची सासुरवाडी. त्याचा मेहुणाच समोरच्या संघात होता. शेवटच्या चढाईला आम्ही एका गुणाने मागे होतो. भाऊ गेला, अगदी मागच्या कोपऱ्यात दोघांना शिवला, दोघेही त्याच्या कमरेला लोंबकळले, आणि त्या दोघांना ओढत तो मधल्या रेघेला पोचला. आम्ही टोप्या उडवल्या. पण पंचाने शिट्टी केव्हाच दिली होती. वळताना भाऊचा डावा पाय रेघेच्या पलीकडे पडला होता. चुन्यात अंगठ्याचा ठसा स्पष्ट दिसत होता. मीच आधी पाहिला.

ढाल कान्ह्याला गेली. परतताना गाडीत कुणीतरी मागच्या बाकावरून म्हणाले, "जावयानं आहेर केला." सगळे हसले नाहीत, पण कुणी त्याला गप्पही केले नाही.

मी त्या आठवड्यात पत्रक लिहिले. मथळा होता, 'पराभवाचा गुन्हेगार कोण?' शिस्त, नियम, सार्वजनिक चारित्र्य यांवर पाऊण पान झाल्यावर मी या ओळींवर आलो: 'बंधूंनो, कान्ह्याच्या मैदानावर आपल्या त्या वीराचा पाय रेषेबाहेर गेला, की नेला? त्या दिवशी तो खेळाडू म्हणून उतरला होता, की जावई म्हणून? लोणावळ्याची ढाल सासुरवाडीला आहेर म्हणून तर गेली नाही?' मी आरोप केला नव्हता. आरोपाला पुरावा लागतो, हे मला पत्रकांनीच शिकवले होते. मी फक्त तीन प्रश्न विचारले होते. त्या प्रश्नचिन्हांचा मला किती अभिमान वाटला होता, ते आज सांगताना कान गरम होतात. मामाने रद्दी कागदावर दोनशे प्रती छापून पाठवल्या. मी त्या चक्कीवर, बाजारात आणि कामशेतच्या गाडीत वाटल्या.

चार दिवसांत लोणावळ्यात प्रश्नचिन्हे गळून पडली. 'की नेला?' चे 'नेलाच' झाले. टोळीचा मुकादम आजवर भाऊला रविवारी हसत सुट्टी देई, तो आता म्हणू लागला, "सासुरवाडीला जायाला कशाला रजा?" आबांनी जाहीर केले की येत्या रविवारी सभा भरेल आणि भाऊचे नाव संघातून काढायचे की नाही ते ठरेल. मी सभेची सूचना सुवाच्य अक्षरात लिहून चक्कीवर चिकटवली.

बुधवारी टोळीतला एक गँगमन शाळेत आला. म्हणाला, "भाऊनं दुपारी लायनीवर बलावलंय. आन ती तांबडी दोरी बी आना म्हनला."

दोरी कशाला, ते मला कळेना. शाळेत मुलांना पाढे म्हणायला लावून मी खिडकीतून बाहेर बघत बसलो. भाऊचे हात माझ्या डोळ्यांसमोर होते. दोन माणसांना कमरेला लटकवून ओढणारा गडी एका बदली मास्तराला रुळाशेजारच्या झाडाला बांधायला किती वेळ घेईल, याचा मी हिशेब करत होतो. तरी गेलो. सत्यासाठी संकट सोसायला तयार असावे असे मी इतक्यांदा वाचले होते की न जाणे मला जमलेच नसते. दोरी मात्र पिशवीत खाली लपवली आणि वर वह्या ठेवल्या.

टोळी जांभळाखाली भाकरी खात होती. भाऊने हात धुतले, बंडीच्या खिशातून माझे पत्रक काढले, माझ्यापुढे धरले आणि मांडी घालून बसला.

"वाचा," तो म्हणाला. "समदं वाचा. मदलं गाळू नका."

माझेच लिखाण मला इतके लांबलचक कधी वाटले नव्हते. शिस्तीचा भाग मी सावकाश वाचला. चारित्र्याचा भाग जरा घाईने वाचला. मग ते तीन प्रश्न आले, आणि माझे डोळे आपोआप शेवटच्या ओळीवर गेले: 'तरी सर्वांनी विचार करावा, ही विनंती.' मी तेवढे वाचून कागदाची घडी घातली.

"मास्तर, आहेराचं ऱ्हायलं," एक गँगमन भाकरीचा घास तोंडात असतानाच म्हणाला.

"आन जावयाचं," दुसरा म्हणाला.

त्यांना सगळे पाठ होते. न्हाव्याकडे, चक्कीवर, गाडीत, सगळीकडे त्यांनी ते ऐकले होते. भाऊनेही ऐकले होते. मी पुन्हा कागद उघडला आणि वाचले.

"मग मला कशाला वाचायला लावलं, भाऊ?"

"तुमच्या तोंडातनं निगतं का बगायचं व्हतं." तो रागावलेला दिसत नव्हता, हे जास्त वाईट होते. "लिवलंय बरं. ह्यात तुमी काय म्हनलंच न्हाई, नुस्तं इचारलंय. व्हय ना?"

"हो."

"मंग ऐका. माजी मंडळी परवा कान्ह्याला गेलती, भावाच्या लेकराच्या बारशाला. तितल्या बायका म्हनल्या, तुज्या नवऱ्यानं आमच्या पोरांवर उपकार केलं म्हनं, कागदावर छापून आलंय. ती तशीच माघारी आली. आता म्हनती, माह्यारात पाय ठिवनार न्हाई. खेळ सुटला तर सुटू द्या, मास्तर. पर तिचं माह्यार सुटलंय, त्ये कसं जोडायचं सांगा."

जगातल्या बऱ्याच गोष्टींवर माझे मत तयार असे, यावर नव्हते.

"दोरी आनली?" त्याने विचारले.

मी वह्या बाजूला करून दोरी काढली. भाऊने टोळीच्या सामानातून लोखंडी गेज उचलला. दोन रुळांमधले अंतर बरोबर आहे की नाही हे पाहायची ती कांब. तो रुळांवर त्याने आडवा ठेवला, नेमका बसला.

"ह्ये पाच फूट सा इंच. दिसातनं पन्नास येळा बगतो. ह्यात तुमच्या किती गाठी याया पायजेत?"

"साडेपाच."

त्याने दोरीचे टोक एका रुळाच्या कडेला धरले आणि दोरी ताणली. एक, दोन, तीन, चार, पाच. सहावी गाठ समोरच्या रुळाच्या कडेवर येऊन बसली, अगदी त्याच्यासाठी मारल्यासारखी.

मी दोरी हातात घेऊन स्वतः मोजली. मग दुसऱ्या टोकाने मोजली. मग गेज उलटा करून पाहिला, जणू तो पलीकडून वेगळा निघेल.

"मास्तर, साळंत फूट बारा इंचाचाच शिकिवता न्हवं?" भाकरीवाला गँगमन म्हणाला.

"ह्यो अकरा इंचाचा हाय," भाऊ म्हणाला. "नवी दोरी भिजिवली की आखडती. बैलाचं दावंसुदिक आदी भिजवून वाळवून मंग मापात घेत्यात. तुमी आदी मापली आन मंग रंगिवली."

मावळातल्या कुठल्याही गुराख्याला ठाऊक असलेली ही गोष्ट, आणि माझ्या घरातल्या एकाही कागदावर ती छापलेली नव्हती. रुंदीला दोन फुटांहून जास्त जमीन मी प्रत्येक मैदानातून कापून घेतली होती. लहान चणीच्या गड्यांना ते जाणवले नाही. भाऊ लांब ढेंगांचा, कडेने फिरून वळणारा. त्याला वळायला जागाच उरली नव्हती. आणि पहिल्याच दिवशी त्याने ते मला सांगितले होते.

रविवारी सभेला ओटा भरून माणसे आली. भाऊ आला नाही. मी उभा राहिलो. रात्रभर तयारी केली होती. "बंधूंनो, गुन्हेगार सापडला आहे! तो दुसरा तिसरा कुणी नसून—"

"मास्तर, बसून सांगा," आबा म्हणाले. "चक्की चालू करायचीया."

मी बसून सांगितले. गेज, सहा गाठी, काव, सगळे. बोलताना मला, खरे सांगतो, बरे वाटत होते. गुन्हेगार असणे हे काही लहान काम नव्हे. तीन सामन्यांचे भवितव्य फिरवणारा मनुष्य म्हणून सगळे माझ्याकडे बघतील, धिक्कार करतील, अशी माझी अपेक्षा होती. पण आबा म्हणाले, "म्हंजी ढाल आपलीच!" आणि ओट्यावरचे सगळे उठले. ढाल आणायला आजच कान्ह्याला जायचे, की उद्या, यावर भांडण सुरू झाले. माझ्या अपराधाला दोन मिनिटेही मिळाली नाहीत.

कप्तानाने मात्र माझे बोलणे वाकून ऐकले होते. तो म्हणाला, "ढालीचं राहू द्या. भाऊचं नाव आधी धुवा. मास्तर, जिथंजिथं कागद वाटला तिथंतिथं जाऊन हे तोंडानं सांगा. कान्ह्याला मी येतो बरोबर."

कान्ह्याला आम्ही देवळासमोरच्या पारावर बसलो. मी दोरी दाखवली, सगळे सांगितले, दोन्ही हात जोडले. मला वाटले, खरे सांगितले की माणसे निवळतात. कान्ह्याच्या कप्तानाचा चेहरा लाल होत गेला.

"आदी ल्हिलं, जावयानं ढाल दिली," तो म्हणाला. "आता म्हनता, दोरीनं दिली. मास्तर, आमच्या पोरांनी मनगटानं जिकली आसं एकदा तरी ल्ह्या की!"

हे माझ्या डोक्यातच आले नव्हते. एका गावाची माफी मागताना मी दुसऱ्यांदा त्याच गावाचा अपमान केला होता, आणि या वेळी तर पत्रक छापावेही लागले नव्हते.

तेवढ्यात समोरच्या घरातून एक म्हातारी बाहेर आली. आमच्या कप्तानाने हळूच सांगितले, ही भाऊची सासू. ती पाराखाली उभी राहून माझ्याकडे बघत होती.

"त्यो कागूद ल्ह्यनारं तुमीच का?"

"हो मावशी. चुकलो."

"माजी लेक बारशाला आली आन घास न घेता गेली. तिचं ताट तसंच झाकून ठिवलंतं मी. तुमच्या दोरीनं त्ये बी मापा जरा."

मी मान खाली घातली. वर केली तेव्हाही ती तिथेच होती.

शेवटी तोडगा कान्ह्याच्या कप्तानानेच काढला. पुन्हा एक सामना. ढाल मध्ये ठेवायची. मैदान रेल्वेच्या गेजने मापायचे, मास्तरने दोन हात लांब राहायचे. "आन जावई आला पायजे," तो म्हणाला. "त्येच्याबिगर जिकलो तर परत कुनीतरी काय तरी ल्हील."

भाऊ आधी नाही म्हणाला. मग त्याच्या बायकोने काय सांगितले कोण जाणे, शनिवारी तो टोळीचा गेज मुकादमाकडून मागून घेऊन आला. रविवारी आम्ही कामशेतला उतरून चालत कान्ह्याला गेलो. ती मागे चार पावले, डोक्यावर पदर, कुणाशी न बोलता. गावात शिरल्यावर ती आईच्या घराकडे वळली नाही. बायकांच्या घोळक्यात अगदी मागे जाऊन बसली. तिची आई पुढे बसली होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिले नाही.

माझ्या खिशात नवे पत्रक लिहून तयार होते. मथळा होता, 'सत्याचा विजय'. आम्ही जिंकणार याबद्दल मला शंका नव्हती. खऱ्या मापाच्या मैदानावर खरा खेळाडू जिंकणारच.

भाऊ सुंदर खेळला. रेघेपासून वीतभर आत, कधी चार बोटे आत, पण आत. प्रत्येक वळणावर कान्ह्याची माणसे उठून त्याच्या पायाकडे बघत आणि पुन्हा बसत. एकदाही पाय बाहेर पडला नाही. आणि शेवटच्या चढाईला, पुन्हा आम्ही एका गुणाने मागे असताना, कान्ह्याच्या बाजूच्या बरोबर मधोमध, जिथे ना कडेची रेघ होती ना दोरी पोचत होती, तिथे त्याच्या मेहुण्याने सूर मारून त्याचा घोटा धरला. उरलेले त्याच्यावर पडले. भाऊचा हात मधल्या रेघेकडे सरकत राहिला, सरकत राहिला, आणि दम तुटला.

आम्ही हरलो.

सगळे त्या ढिगाऱ्याकडे बघत होते. खालून भाऊचा आवाज आला, "लेका, सोड की आता घोटा! धरला म्हनलं ना, चांगला धरला!" मग जे हसू फुटले त्यात आमची माणसेही होती. मेहुण्याने त्याला उठवले, पाठीवरची माती झाडली. कान्ह्याच्या कप्तानाने ढाल उचलली आणि माझ्यापुढे नाचवत म्हणाला, "मास्तर, आता कशानं जिकलो, बोला!"

"मनगटाने," मी म्हणालो.

"मोठ्यानं!"

"मनगटाने!"

सगळ्यात ओशाळा मीच होतो. पाय बाहेर न पडता भाऊ हरला. त्यामुळे तो फितूर नव्हता हे सिद्ध झाले. खऱ्या मापावर कान्हे जिंकले. त्यामुळे त्यांची ढाल खरी ठरली. माझ्या दोरीने फार तर कुसगाव आणि आंबीचे भले केले असेल, आणि तेही आता कुणी मोजायला बसणार नव्हते. मी महापापी म्हणून उभा राहिलो होतो. निघालो एक बदली मास्तर, ज्याला दोरी रंगवायची कळत नाही. खिशातल्या पत्रकाचा मी चोळामोळा केला. आमचा कप्तान ते पाहून म्हणाला, "आता कुणाला धरायचं, मास्तर?" त्याने ते सहज विचारले होते. मी पत्रक आणखी चोळले.

जेवायला सगळा संघ भाऊच्या सासुरवाडीला होता. मी उंबऱ्याजवळ घुटमळत होतो, तेव्हा भाऊची बायको आतून भाकऱ्यांची टोपली घेऊन बाहेर आली. डोळे पुसलेले होते, पण चेहरा मोकळा होता. माझ्याकडे न बघता तिने एक ताट माझ्यापुढे सरकवले. आत तिची आई कुणाला तरी सांगत होती, "आगं, तिला वाढ आदी. ती बसूं दे आदी."

संध्याकाळी आम्ही रुळाच्या कडेने कामशेतला चालत निघालो. बायको माहेरी राहिली होती, भाऊ एकटाच होता. त्याच्या हातात गेज होता आणि दुसऱ्या हातात सासूने बांधून दिलेले तांदळाचे गाठोडे. तो खाली रुळांकडे बघत चालला होता. मला वाटले, हरल्याचे दुःख असेल. काहीतरी धीराचे बोलावे म्हणून मी शब्द जुळवू लागलो.

"चार दिस ऱ्हाते म्हनलीती," तो एकदम म्हणाला. "निगताना म्हनती, आठ दिस. आता आठ दिस भाकऱ्या कोन थापनार, सांगा मास्तर."

आम्ही चालत राहिलो.